शेवटचं पान काढायचं की ठेवायचं: जऊळका ते शिरपूर

गेलं वर्षभर मी व्यासपीठांवरून एकच गोष्ट ओरडून सांगतो आहे: ज्या वाक्यामागे माणसाचा हात नाही, ते वाक्य मी वाचणार नाही. टाळ्या पडतात. लोक उठून भेटायला येतात. त्यामुळे जानेवारीत वाशिमच्या काकडे सरांचा निरोप आला तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

झालं होतं असं. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला एका पुस्तिकेचं प्रकाशन माझ्या हस्ते ठरलेलं होतं. नाव ‘बंद खोलीतलं वावर’, वावर म्हणजे शेत. लेखिका वर्षा इंगोले, जऊळक्याजवळच्या खेड्यात घराच्या मागच्या खोलीत अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवणारी शेतकरीण. प्रस्तावना माझी, आणि ती छापूनही झाली होती. काकडे सर मराठी शिकवतात. कोणतं लिखाण कोणाच्या हातचं, हे संगणकावर मोजून पाहणं हा त्यांचा अभ्यास. माणूस ‘आणि’ किती वेळा म्हणतो, ‘पण’ कुठे टाकतो, वाक्य कुठे तोडतो, या सवयी त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाहीत, आणि त्यावरून हात ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुस्तिका तपासली आणि मला कळवलं की आधीची सगळी प्रकरणं एका हातची आहेत, शेवटचं, एका पानाचं, मात्र दुसऱ्याच कुणाचं. ते गाळलेलं बरं.

दुसऱ्याचं म्हणजे यंत्राचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. प्रकाशनाच्या आदल्या दिवशीच पोचायचं आणि बाईंना समोर बसवून विचारायचं, असा बेत केला.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नाशिकहून अकोल्यापर्यंत रेल्वेचा प्रश्न नाही. पुढे पूर्णा जंक्शनकडे जाणारी गाडी धरायची, पण या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत आणि प्रत्येक गाडी जऊळक्याला थांबत नाही, तेव्हा आधी बघून घ्या. अकोल्याच्या फलाटावर कचोरी खाऊन घ्या, पुढे काही मिळेलच असं नाही. बार्शीटाकळी मागे पडली की टेकड्या सुरू होतात. मग मोकळी रानं. तूर सोंगून, म्हणजे कापून ठेवलेली, हरभरा घाट्यांवर आलेला. डब्यात एक आजोबा मला विचारत होते, कुठून आले, कायले आले. पुस्तकासाठी आलो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि अर्धा पेरू दिला.

जऊळक्याच्या स्टेशनातून बाहेर पडलं की ऑटो उभे असतात. भरल्याशिवाय हलत नाहीत, पण माणशी वीस-तीस रुपयांत गावात सोडतात.

वर्षाताई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या आत-बाहेर, बोलण्यात धार. सासरे दादाराव ओट्यावर बसून कुटार निवडत होते. कुटार म्हणजे सोयाबीन काढल्यावर उरतो तो भुसा, इकडे त्याचा डोंगर लागतो. तोच भिजवून, वाफवून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरतात आणि त्यात अळिंबीचं बी पेरतात.

खोलीत शिरलो आणि चष्म्यावर धुकं बसलं. दोऱ्यांना टांगलेल्या पिशव्या, त्यांच्या भोकांतून फुटलेले पांढरे पंखे. भिंतीवर एक लहान डबी हवेतला ओलावा मोजत बसलेली. ओलावा उतरला की फवारा आपोआप सुरू, हवा कोंदली की पंखा सुरू. ताईंनी कशालाही हात लावला नाही. मी नकळत विचारलं, मग तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, त्याच्यावर ध्यान ठेवते. वर विजेच्या पेटीच्या डोक्यावर चेंडूएवढा एक लाल गोळा टांगला होता. आग लागली की हा आपणहून फुटतो आणि आतली पावडर आगीवर पसरते. शेवटचं प्रकरण या खोलीत लागलेल्या आगीचं आणि याच गोळ्याचं.

दादाराव मागून म्हणाले, “थो आमच्या घरचा मानूस हाय भाऊ. जेवत नाई, झोपत नाई, अन् बोलत बी नाई. सुनेपेक्षा बरा.”

ताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, अळिंबीची झणझणीत भाजी आणि ठेचा होता. ठेचा मागून घ्या आणि जपून खा. जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. काकडे सरांची शंका सांगितली आणि आगीचं प्रकरण कोणी लिहिलं, असं सरळ विचारलं.

त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. हातानं, पेननं. आग लागली तेव्हा फोन त्याच खोलीत चार्जिंगला लावलेला होता, तो पेटीसोबत जळाला. नवा येईपर्यंत बसून राहण्यापेक्षा कागद घेतला.

फोनचा काय संबंध, हे मला कळेना. मग त्यांनी ज्या सहजतेनं सांगितलं, ती सहजता मी अजून विसरलेलो नाही. “बाकीचं समदं फोनमंदीच झालं न भाऊ. मी पिशव्या भरता भरता सांगो, अन् थो लिवे. मंग त्याले म्हनो, पुस्तकासारखं करून दे. चुकलं असन तर मी दुरुस्त करो.”

वाचकहो, माझी अडचण लक्षात घ्या. संगणकानं सांगितलं होतं की दोन हात आहेत. ते खरं होतं. पण उपरा हात आम्ही ज्या पानावर शोधत होतो तेच एक पान बाईंच्या हातचं होतं, आणि आधीची सगळी प्रकरणं यंत्रातून परीटघडी होऊन आलेली. आणि मी प्रस्तावनेत काय छापलं होतं? या प्रकरणांच्या भाषेला मातीचा वास आहे, असं. आणि शेवटचं प्रकरण थोडं विस्कळीत वाटतं, तेवढं संपादन व्हायला हवं होतं, असं.

ते विस्कळीत प्रकरण मी तिथेच ओट्यावर पुन्हा वाचलं. त्यातला एक तुकडा इथे देतो:

‘मी वावरात होती. धूर दिसला म्हणून पयत आली. गल्लीतले बकेटा घेऊन आले, कोनी घागर, कोनी गंज. दार उघडलं तं आग इझेल होती. गोया फुटेल. पिशव्या पांढऱ्याफक्क. मानसं भरल्या बकेटा घेऊन तशीच उभी. पानी वता म्हनता येइना अन् घरी जा म्हनता येइना. मंग मी चहा मांडला. इझवाले आलेल्याले चहा देतात. पन इझवली तं त्याईनं नाई. कोनाचे उपकार मानाव मले समजलं नाई.’

‘पयत’ म्हणजे पळत, ‘बकेटा’ म्हणजे बादल्या, ‘गंज’ म्हणजे पातेलं, ‘इझेल’ म्हणजे विझलेली, ‘गोया’ म्हणजे गोळा, ‘वता’ म्हणजे ओता. बाकी समजतंच. मी ते दोनदा वाचलं आणि ताईंना म्हणालो की ही पुस्तिका म्हणजे एवढंच प्रकरण आहे. बाकीचं तुमचं नाही.

हे ऐकून त्या चिडल्या. त्यांचं म्हणणं अगदी उलटं होतं. आगीचं प्रकरण त्यांना स्वतःलाच आवडत नव्हतं, बोलल्यासारखं वाटतं म्हणून. पुस्तिका दाखवून त्यांना गावोगावच्या बायकांचे वर्ग घ्यायचे होते. एका पानानं शंका येत असेल तर ते पान काढायचं, बाकी चांगलं आहे ते ठेवायचं. मी भाषणाच्या सुरात यंत्रावर बोलायला लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच अडवलं. “फवारा मशीन मारते. मंग मशरूम बी माह्ये नाईत म्हनता का? तसं असन तर बाजारात कोन बसन, थो पंखा?”

अळिंबी आणि वाक्य यांत फरक आहे, असं मी म्हणालो. कोणता, हे त्यांनी विचारलं. मी पाणी मागितलं.

सकाळी छापखान्यातून आलेले गठ्ठे ओट्यावर सोडले. ताई माघार घेणार नव्हत्या, शेवटचं पान जाणार होतं. मी बाजूला बसून होतो, लग्नाला बोलावलेल्या रुसक्या पाहुण्यासारखा. दादारावांनी एक प्रत मधोमध उघडली, पिना वाकवल्या आणि बाहेरचा कागद अलगद ओढला. आणि थांबले. कागदाच्या एका अर्ध्यावर आगीचं प्रकरण होतं आणि दुसऱ्या अर्ध्यावर माझी प्रस्तावना. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाचं असतं, हे आयुष्यभर पुस्तकांवर बोलणाऱ्या मला कधी सुचलं नव्हतं.

ताईंनी कात्रीनं एका प्रतीतलं नुसतं मागचं पान कापून पाहिलं. कापलेली पट्टी पिनेपाशी राहिली. ती दिसत होती. “लोक इचारतीन, काय कापलं म्हनून,” त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला मोह झाला होता. तो कागद निघाला असता तर माझी ती प्रस्तावनाही गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण मग आग गेली असती. ताईंना आग नको होती, पण माझं नाव हवं होतं, वर्गासाठी ते उपयोगाचं होतं. शेवटी मी म्हणालो, काढून टाका दोन्ही, माझी प्रस्तावना तशीही चुकीचीच आहे.

त्यांनी दादारावांच्या हातातला कागद घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. मग त्यांनी तो प्रतीत परत बसवला आणि पिना अंगठ्यानं दाबल्या. “राहू द्या. तुमी जे लिवलं थे तुमीच लिवलं न? मंग असू द्या तिथंच. माह्यं बी राहते.” फक्त एक अट घातली. कोणतं कोणी लिहिलं, हे मी स्टेजवरून सांगायचं नाही.

शिरपूरला एसटी मालेगाववरून मिळते. जैन मंदिरामुळे यात्रेकरूंची राहायची सोय होते, पण आधी विचारून जा. मंदिराच्या रस्त्यावर चहा आणि आलुबोंडा चांगला मिळतो. कार्यक्रम एका शाळेच्या वर्गात होता, बायका पुष्कळ आल्या होत्या, काकडे सर पुढच्या रांगेत.

माझं भाषण पडलं. मी अळिंबीवर बोललो, आगीवर बोललो, हातावर बोललो नाही, आणि हाताशिवाय मला दुसरं काही येत नाही असं तेव्हा कळलं. मग काकडे सर उठले. भले गृहस्थ आहेत, त्यांनी हात जोडून विचारलं की ताई, शेवटचं प्रकरण आपलंच का? मला वाटलं, आता हे सगळं संपलं.

ताई माईककडे गेल्याच नाहीत. जागेवरूनच बोलल्या. “थे माह्यं हाय. बाकीचं बी माह्यंच हाय सर, फक्त थे इस्तरी करून आनलं. हे तसंच घातलं.”

मागून एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला, की मग शेती कोन करून राह्यलं, तू का मशीन? हशा झाला.

“लाइटीचं बिल माह्या नावानं येते,” ताई म्हणाल्या.

टाळ्या माझ्या भाषणापेक्षा कितीतरी जास्त पडल्या. काकडे सर खाली बसले. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “मोजणी बरोबर होती, अर्थ मात्र मी उलटा लावला.” मी म्हणालो, मी तर मोजलंही नव्हतं. तीन बायकांनी तिथंच वर्गासाठी नाव दिलं, एवढं मी पाहिलं.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. जमलं तर जा, हिवाळ्यात जा, अळिंबीही तेव्हाच भरात असते. यंत्रावरची माझी मतं बदलली का, असं लोक विचारतात. नाही बदलली. पण पूर्वी ती मांडताना मी श्रोत्यांच्या डोळ्यांत बघायचो, आता एखादी बाई विचारेल, फरक कोणता, म्हणून जरा इकडेतिकडे बघतो. पुस्तिका टेबलावर आहे. पहिल्या पानावर मी छातीठोकपणे चुकलेला आहे, शेवटच्या पानावर एक बाई कोणाचे उपकार मानावे ते समजलं नाही म्हणते आहे, आणि तो कागद एकच आहे.

परवा एका तरुण कवीनं प्रस्तावना मागितली. मी त्याला कळवलं की सगळा संग्रह नको पाठवू. जे पान काढून टाकायचं ठरवलं असशील, ते आधी पाठव. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.