मामांचं लेथ मशीन

भारताची अर्थव्यवस्था एकट्याने अंगावर घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं प्राक्तन. कानडी मुलखात त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या गेल्या, घर जयनगरात; मी पुण्याहून त्याच शहरात इंदिरानगरच्या कचेरीत कॉम्प्युटर बडवायला आलेला. पहिल्याच भेटीत मी ऐटीत सांगितलं, की दर महिन्याला शेअर्समध्ये गुंतवणूक करतो. मामांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "ही कसली गुंतवणूक हो, जावईबापू? कुणाकडचा तरी जुना कागद तुम्ही घेतलात. त्यानं देशात एक खिळा तरी वाढला काय?" मी तोंड उघडणार तर म्हणाले, "स्वल्प थांबा." पुढचा पाऊण तास मी थांबलोच होतो.

सोनं त्यांना डोळ्यांसमोर नको असे. त्याला ते झोपलेला पैसा म्हणत. आमच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून ड्रिल मशीन आणलं, हळदकुंकू लावून, आणि दागिन्यांच्या ताटाशेजारी मांडलं. मामी दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या. वाहतुकीच्या कोंडीत सगळं गाव शिव्या घालत असताना हे रिक्षात प्रसन्न बसून सिमेंटचे ट्रक दाखवत. "बघा, देश काहीतरी बांधतोय." एखाद्या दिवशी ट्रक दिसला नाही, तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

शहराबाहेर होसकोट्याला त्यांची शेड होती, यंत्रांचे सुटे भाग बनवायची. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळे आपापल्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, कोहळा फोडतात, चुरमुरे वाटतात. मामांना मात्र जुन्या यंत्राची पूजा म्हणजे शिळ्या अन्नाचा नैवेद्य वाटे. जमेल त्या वर्षी ते नवं यंत्र आणत. मग ज्या कारखान्याला त्यांचा माल जायचा, त्याने तो परदेशातून मागवायला सुरुवात केली. कामं आटली. आजूबाजूचे सगळे हात आखडून बसले, आणि नेमक्या त्याच आयुधपूजेला मामांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं, लोखंड कातायचं लेथ मशीन आणलं. मामी रडल्या, मीही हातापाया पडलो. "सगळेच थांबले तर काम येणार कुठून? कुणीतरी आधी सुरुवात करायला हवी की." अर्थशास्त्राच्या पुस्तकाच्या हिशेबाने त्यांचं काही चुकत नव्हतं. फक्त ते सगळ्यांनी मिळून करायचं असतं, आणि मामा एकटेच होते.

काम आलं नाही. कामगार एकेक करून गेले. दोन वर्षं मामा रोज सकाळी बसने होसकोट्याला जायचे, मशीनला तेल घालायचे, दहा मिनिटं रिकामंच चालवायचे आणि परत यायचे. मला त्याचं हसू येई, पुढे पुढे ते येईनासं झालं. शेवटी शेड विकावी लागली. घेणाऱ्याला तिथे पार्सलांचं गोदाम करायचं होतं, यंत्रं नको होती. चालतं मशीन म्हणून कुणी विचारेना, तेव्हा भंगारवाल्याला बोलावलं. मामींनी मला बरोबर धाडलं.

भंगारवाला साखळ्या लावायला पुढे झाला. मामा म्हणाले, "चालू करून दाखवतो." तो भला माणूस, हळूच म्हणाला, "बेडा सर, नको. चालू असो, बंद असो, वजन तेवढंच." मामांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि बटण दाबलं. मशीन सुरेख चाललं, जराही खडखड नाही. मामा त्याला बारकावे सांगत राहिले, तो मान डोलावत राहिला. इतकं वाईट मला स्वतःच्या वडिलांसाठीही कधी वाटलं नव्हतं.

मशीन थांबलं. माणसं पुन्हा साखळ्या घेऊन आली, तर मामा आडवे उभे राहिले. "गरम मशीन हलवायचं नसतं. बिघडतं."

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्याने आपल्या माणसांना बाहेर बसायला सांगितलं, आणि मशीन गार होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.