अंदमानहून न परतलेली सून

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यातलं हे प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. निम्मा स्टाफ पाण्याच्या टँकरवर बंदोबस्ताला असायचा. तिथूनच एक जमादार बातमी घेऊन आला. रांगेतल्या बायका बोलत होत्या की, बाजारपेठेतल्या हार्डवेअर दुकानदाराची सून नवऱ्याबरोबर अंदमानला फिरायला गेली आणि समुद्रात बुडाली. घरात फोटोला हार घातला, पण प्रेत कुणीच पाहिलेलं नाही.

मी मुलीच्या वडिलांना बोलावलं. शेजारच्या गावात त्यांची पिठाची गिरणी होती. ते डोळे पुसत म्हणाले, "साहेब, माझी पोरगी विहिरीत उड्या मारून वाढली. ती बुडल कशी?"

तक्रार घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि अंदमान पोलिसांना संदेश पाठवला. उत्तर आलं, अशा नावाच्या बाईच्या मृत्यूची इथे नोंदच नाही. माझा संशय पक्का झाला.

नवऱ्याला चौकशीला आणलं. तिशीतला, कडक इस्त्रीतला माणूस. दोघं स्कूबा डायव्हिंगला गेलो, मला भीती वाटली म्हणून मी बोटीतच थांबलो, ती पाण्याखाली गेली ती वर आलीच नाही, असं तो सांगायचा. मी त्याला हे तीनदा सांगायला लावलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खरं सांगणारा माणूस काहीतरी विसरतो, मध्येच आठवून मागे जातो. हा पाठ म्हणत होता. यानेच तिला संपवलं, असं मी धरून चाललो.

दोघं उतरले होते त्या हॉटेलकडून डायव्हिंगवाल्यांचा नंबर मिळाला. ते प्रत्येक पर्यटकाचं चित्रीकरण करतात. त्यांनी त्या दिवसाचं पाठवून दिलं. रंगीत माशांच्या थव्यात ती हात हलवत होती. मग शिडी धरून बोटीवर चढली. मागे हिरवंगार बेट होतं. आमच्याकडे असं हिरवं दिसून महिने झाले होते. तिने तोंडावरचा मास्क काढला आणि मोकळेपणी हसली. तेवढ्यात नवऱ्याचा हात तिच्या गालावर बसला. चित्रीकरण तिथेच थांबलं.

मी ते त्याच्यासमोर लावलं.

"मेली न्हाई ती," तो म्हणाला. "मी येत न्हाई म्हणली. सगळ्यांसमोर."

"मग मेली म्हणून का सांगितलं?"

"बायको सोडून गेली, हे गावात कोणत्या तोंडानं सांगायचं?"

डायव्हिंग केंद्रातल्या एका बाईने तिला आसरा दिला होता आणि तिच्या सांगण्यावरून कुणाला कळू दिलं नव्हतं. तिथल्या पोलिसांनी तिचा जबाब घेतला. नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला ती तयार नव्हती. मी तिच्याशी फोनवर बोललो. वडिलांना तरी कळवायला हवं होतं, असं मी म्हटलं. तेव्हा तिने सांगितलं की, मार खाऊन ती दोनदा माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा वडिलांनीच तिला परत नेऊन सोडलं होतं.

"बाबांना सांगा, मी चांगली हाय," ती म्हणाली. "पत्ता देऊ नका."

वडिलांना निरोप दिला तेव्हा ते खुर्चीतच रडू लागले. मग पत्ता मागायला लागले. मुलगी सज्ञान आहे, तिची इच्छा नाही, असं सांगून मी नकार दिला. का, ते त्यांनी विचारलं नाही.

पोरगी पोहण्यात किती तरबेज होती, हे मी पहिल्याच दिवशी ऐकून घेतलं होतं. ती माहेरी शेवटची कधी आली आणि परत का गेली, हे मात्र विचारलं नव्हतं. रडणाऱ्या तक्रारदाराला प्रश्न विचारायचे राहून जातात. त्यानंतर मुलगी सासरहून बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन बाप आला की मी हाच प्रश्न आधी विचारायचो. बरेच जण खाली बघायचे.