रेडिओला बसवलेला पत्र्याचा भोंगा

सगळ्यात आधी पॅनमन मामांना हात जोडतो. गंमत सांगत बसलो तर त्यांचं राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते. तशी धास्ती मला कशाचीही वाटते. मामा एका सहकारी साखर कारखान्यात रस उकळायच्या मोठ्या भांड्यावर, म्हणजे पॅनवर, कामाला होते. सगळे त्यांना पॅनमन म्हणायचे, मामा मी जोडलं. माझ्या बहिणीचा आवाज एका साली माझ्यापर्यंत पोचला तो त्यांच्यामुळं. आता मी घरापासून आणखीच लांब, गुजरातेत कामाला आहे, पण ते विसरलेलो नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडचे. सातवीनंतर मी शाळा सोडली आणि धाकट्या बहिणीनं मात्र शिकायचं असं ठरलं. ठरवणारा मीच होतो. त्या साली दिवाळीआधीच विहिरीचा तळ उघडा पडला. अर्धं गाव ऊसतोडीला निघालं. मी आणि बायको मिळून एक कोयता. आमच्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मी ऊस तोडायचा, तिनं मोळी बांधायची. मामांच्या कारखान्याजवळच्या माळावर पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, कोपी घातली, तीच आमची झोपडी. सोबत सासऱ्यांनी लग्नात दिलेला रेडिओ होता.

पौषात गावाकडून आलेल्या एकानं बहिणीची चिठ्ठी आणली. "दादा, आमच्या शाळेच्या चार पोरींना रेडिओवर बोलायला नेलं होतं. मी पाण्यावर बोलले. येत्या शुक्रवारी दिवेलागणीला लागणार आहे. तू ऐकलंस तरच मी बोलले असं मी समजेन."

झालं, माझी धास्ती सुरू झाली. आमच्याकडचं स्टेशन त्या माळावर लागायचं, पण नुसत्या खरखरीत. मी माझ्या बुद्धीनं विचार केला. गावी वारा आमच्या बाजूनं असला की देवळातलं भजन शेतात ऐकू यायचं आणि वारा फिरला की बंद व्हायचं. म्हणजे आवाज वाऱ्यावर येतो. मग रेडिओचंही तसंच असणार. दिवस उगवतो त्याच्या जरा डाव्या अंगाला बीड. त्या बाजूला मी कोपीला हातभर भगदाड पाडलं, तेलाचा डबा कापून त्याचा भोंगा केला आणि त्याच्या आत रेडिओ बसवला, वारा गोळा व्हावा म्हणून.

पहिल्याच रात्री बायको कुडकुडत म्हणाली, "आवं, रेडिओ ऱ्हाऊ द्या, थंडी मात्र बीडहून थेट आली बगा!"

टोळीतले लोक तर मुद्दाम भगदाडापाशी येऊन तोंड घालायचे आणि बातम्या द्यायचे. "आत्ताच हाती आलेल्या बातमीनुसार, एका कोयत्याला सर्दी झालीय!"

पॅनमन मामा रोज म्हशीसाठी आमच्याकडून उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याची, पेंढी न्यायचे. मंगळवारी त्यांनी तो भोंगा पाहिला.

"काय रं पाव्हण्या, रेडिओला टोपडं घातलंस व्हय?"

मी सगळं सांगितलं.  मामा इतके हसले की डोक्यावरची पेंढी खाली पडली.

"आन् शुक्रवारी वारा पडला तर?"

"त्याचीच तर धास्ती हाय मामा. तीन दिस झाले, झोप न्हाई."

माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. "उद्या गाडी खाली झाली की वर ये, पॅनवर. तुला एक दावतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकून मी लोखंडी जिने चढलो. पॅन म्हणजे दोन माणसं उंचीचा हंडा. अंगाला ताटलीएवढी जाड काच आणि पलीकडच्या काचेमागं दिवा.

मामा म्हणाले, "ह्यातली हवा पंपानं वढून काढलीया. म्हंजे रस कमी तावावर उकळतो, साखर करपत न्हाय. आता सांग, आत घंटा वाजीवली तर ऐकू यील?"

"मला काय कळतंय मामा?"

"न्हाय येणार. आली तर लई बारीक. थोडी वाफ हाय आत, अगदीच रिकामं न्हवं. पर हवा काढत जाशील तसा आवाज मरत जातो. आता काचंला डोळा लाव."

मी डोळा लावला. पलीकडचा दिवा लख्ख दिसत होता.

"दिवा कसा काय मेला न्हाय? सूर्याचं ऊन येतं, ते कशावरनं येतं? हवा तर जमिनीला चिकटून हाय. तिच्या पल्याड कोसच्या कोस काय बी न्हाय. रेडिओच्या लाटा ह्या उजेडाच्याच सख्ख्या भणी. त्यांना वारा लागत न्हाय."

"मग धरत्यात कशाला?"

"कशालाच न्हाय. विजेचा जोर हलला की चुंबकाचा जोर उठतो, चुंबकाचा हलला की परत विजेचा. एकमेकाला उठवत फुडं जात्यात."

जिने उतरताना माझ्या डोक्यात ते माझ्या परीनं बसलं. आवाज म्हणजे गाडी भरताना हातोहात दिलेली मोळी. मधला एक माणूस नसला की मोळी खाली. आणि ह्या लाटा म्हणजे कोयता. एकानं तोडायचं, दुसरीनं बांधायचं, की जोडी आपली सरी धरून पुढं. तिसऱ्याची गरजच नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मंग ते भगदाड बुजवा की!" पण माझी धास्ती एवढ्या लवकर जाणारी नव्हती.

शुक्रवारी दुपारी वारा अगदीच पडला. पाचटाचं पातंही हलेना. मी भोंग्यापाशी डोकं धरून बसलो होतो, तोवर मामा चारच्या पाळीला जाता जाता आले. आल्या आल्या त्यांनी माझा भोंगा उपटून फेकला.

"आरं, पाचटातनं त्या लाटा आरपार येत्यात. पत्र्यात अडकत्यात. तूच त्यांची वाट धरून बसलायस!" मग त्यांनी रेडिओ हातात घेऊन घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरवला. एका जागी खरखर पातळ झाली. "आत लाटा धरायची कांडी आसती, ती नीट आडवी पडली की आवाज खुलतो." तिथं जमिनीवर त्यांनी काडीनं रेघ मारली. "ह्या रेघंवर ठेव. दिवस मावळला की लांबची स्टेशनं आपसूक उघडत्यात."

"तुमी थांबा ना मामा."

"पॅन सोडून? साखर करपली तर मला त्यातच घालतील." आणि ते गेले.

दिवेलागणीला सगळी टोळी कोपीसमोर. मी रेडिओ रेघेवर ठेवला.  आधी कुणी बाई बोलल्या, मग एक पोरगी, आणि मग ती. माझी बहीण. गळा जरा बारीक आला होता, पण तीच.

"आमच्या गावात टँकर आला की आधी भांडी भांडतात, मग बाया," ती म्हणाली, आणि आमच्या बायका खो खो हसल्या. "माझा दादा ऊस तोडायला गेला आहे. तो आला की मी त्याला आंघोळीला अख्खी एक बादली देणार आहे."

"अख्खी बादली! आरं, सरपंच झालास का काय तू?" मागून कुणीतरी ओरडलं. मी हसत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही हसतच पुसत होतो. झाडाचं पान हलत नव्हतं आणि बहीण समोर बोलत होती. तेवढ्यात बायको उठली, पाचटाची पेंढी घेतली आणि भगदाड गच्च बुजवून टाकलं.

सकाळी मामा वाढं न्यायला आले. "काय बोलली रं पोरगी?" मी सांगायला गेलो आणि बादलीपाशी पुन्हा डोळे पुसायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुझ्या तोंडनं मजा न्हाय. तिच्याच तोंडनं ऐकीन कवातरी."

पुढं हंगाम संपला, आम्ही गावी परतलो, आणि त्यांच्या दारात जाणं राहिलं ते राहिलंच. पण मामा, एवढं लिहून देतो. एक दिवस बहिणीला घेऊन तुमच्या अंगणात येईन. तिला तुमच्यासमोर बसवीन आणि टँकरपासून बादलीपर्यंत सगळं तिच्याच तोंडून ऐकवीन. तेव्हा मात्र पॅनवर पळायचं नाही.