बाबांची स्पीड टेस्ट

घरून काम सुरू झालं त्या वर्षी आमच्या विक्रोळीच्या घरात केबलवाल्याचं इंटरनेट होतं, टीव्हीसोबत स्वस्तात मिळालेलं. आईला मालवणच्या मावशीशी बोलायला ते पुरायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मात्र माझा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजायचा आणि साहेब विचारायचे, "मॅडम, आहात ना?" एकाच सकाळी तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "बाबा, नवीन कनेक्शन घेऊया."

"घेऊ. पण आधी तपासू."

बाबांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. किलोभर साखरेची पिशवीसुद्धा ते घरी वजन केल्याशिवाय डब्यात ओतू देत नसत. ते जाहिरातीतल्या 'सुपरफास्ट'वर कसले विश्वास ठेवतात! केबलवाला धरून तीन जणांच्या वायरी आमच्या इमारतीत आल्या होत्या. बाबांनी माझ्याकडून वेग मोजायचं ॲप शिकून घेतलं आणि घरोघर निघाले. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. "पासवर्ड द्या जरा, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणत सोफ्यावर टेकायचे. मग चहा यायचा, आणि दोन मिनिटांचा तास व्हायचा.

आठवड्याने मी विचारलं, "मग कुठल्या कंपनीचं घ्यायचं?"

"महागडी सकाळी झकास पळते गं, पण संध्याकाळी सगळे मोबाइल घेऊन बसले की तीही दमते. मधल्या दराची बरी वाटते. अजून तिसरा मजला राहिलाय."

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्स एकट्या राहायच्या. मी त्यांना काकू म्हणायचे. त्यांचा मुलगा कॅनडात. त्याने तिथूनच आईसाठी सगळ्यात महागडा प्लॅन घेतला होता. बाबा तिथून परत आले ते गोंधळलेले. "पासवर्ड त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्यांच्याच फोनवर मोजलं. आपल्यापेक्षा कमी! चल, बघ तू."

मी गेले. कपाटावर राउटरचे दिवे लुकलुकत होते, पण काकूंचा फोन त्याला जोडलेलाच नव्हता. जुना फोन बिघडल्यावर त्यांनी नवा घेतला, आणि त्यात पासवर्ड कुणी घातलाच नव्हता. दीड वर्ष तो फोन सिमकार्डाच्या अर्धवट नेटवर्कवर चालला होता. मी राउटर उलटा करून चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला.

काकूंनी फोन हातात घेतला. "म्हणजे तो मध्येच फोन ठेवत नव्हता?"

"कोण?"

"मुलगा. दर रविवारी पाच मिनिटांत आवाज तुटायचा. मला वाटायचं, कंटाळतो. मग मीच आधी 'ठेवते रे' म्हणायला लागले."

बाबांनी त्यांच्या फोनवर पुन्हा वेग मोजला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "हे बघा, एवढं तुमचंच आहे. हवं तेवढं बोला."

पुढच्या रविवारी संध्याकाळी काकू वाटीभर खीर घेऊन आल्या. तासभर बोलणं झालं होतं. सुनेने बाल्कनीतल्या कुंड्या एकेक करून दाखवल्या होत्या. ही गोष्ट इमारतभर झाली आणि बाबांना बोलावणी येऊ लागली. कुणाचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, कुणाची वायर दारात चेंगरलेली. बाबा खुशीत होते. आमचं कनेक्शन मात्र महिना झाला तरी ठरेना.

शेवटी आई भडकली. "साऱ्या बिल्डिंगीचा नेट सुधारलात, आपल्या घराचा काय? आता काय ता एकदाचा ठरवा!" आणि तिनेच मधल्या कंपनीला फोन लावला. "आमच्या ह्यांनी घरोघर जाऊन तुमचा वेग तपासलाय. जोडणीचे पैसे लावलात ना, तर ते सगळ्यांना केबलवालाच बरा म्हणून सांगतील." जोडणी फुकट झाली.

वायर आली त्या दिवसापासून मी मीटिंग संपवून खोलीबाहेर आले की बाबा पेपर खाली करून विचारायचे, "अडकलं का गं?"

"नाही, बाबा."

एकदा अडकलं होतं, चांगली दहा मिनिटं. तेव्हाही मी नाहीच म्हणाले.