दोन भादव्यांच्या सालातली शिलाई मशीन

ज्याचं देणं आपल्याकडे बाकी आहे असा दुकानदार हसून "घाई नका करू" म्हणाला, की मी बोटांवर महिने मोजायला लागते. ही सवय मला एका शिलाई मशीनने लावली.

आमचा धंदा भाजीचा. अल्लीपूरच्या शिवारात विहिरीखालचा एक तुकडा होता, त्यात वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर निघायची. पिकवायचं माझ्या नवऱ्याने आणि बाजारात बसून विकायचं सासूने आणि मी. मला ते बसणं जमत नसे. अनोळखी माणसाने वांग्याचा भाव विचारला की मी मान खाली घालून वांगी पुसत बसे. सासू मग साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशी ओरडे, "बोल ना वं! मुक्या बाईची वांगी कोन घेते?" लोक हसत.

चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हा बाईंनी शिवण शिकवलं होतं. त्याच भरवशावर नवऱ्याने ठरवलं, की एक हातमशीन घ्यायची. मी घरी बसून चोळ्या-पोलकी शिवायच्या, बाजार सासूने पाहायचा. सासूने होकार दिला, पण अट घातली. "मशीन टिकली त ठीक. गेली त टोपलं उचलायचं अन् माह्या बाजूले बसायचं. मंग रडायचं नाई."

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखजीला, आम्ही बैलबंडी जुंपून हिंगणघाटला गेलो. दुकानदाराने आम्हाला गादीवर बसवलं, चहा मागवला. आमच्यासारख्यांना चहा कशासाठी, हा पहिला संशय मला तिथेच आला. तो म्हणाला, "थोडे पैसे आता द्या, बाकीचे सहा महिन्यांत. सहा महिने एक पैसा ब्याज नाही." मग फडक्याने मशीन पुसता पुसता, जरा खालच्या आवाजात, पुढचं बोलला. "सहा महिन्यांनंतर एक रुपया जरी राहिला, त पूर्ण किमतीवर आजपासून ब्याज. नाही जमलं त मशीन वापस."

नवऱ्याचं लक्ष मशीनच्या सोनेरी वेलबुट्टीत होतं. परतताना मी ते दुसरं वाक्य त्याला सांगितलं, तेव्हा त्याने कासरा मांडीखाली दाबला आणि बोटांवर मोजून दाखवलं. वैशाख, जेठ, आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन. "घे, दिवाळी आली! आखजी ते दिवाळी सहा महिने, हे लेकराले बी मालूम हाये. दिवाळीच्या आत माल विकून टाकतो पैसे त्याच्या गादीवर."

हिशेब बरोबर होता. तरी माझं मन शांत होईना. मी घरी मशीन उलटी करून पाहिली. जुनी रंगवून तर दिली नसेल? चाकाला ओरखडा आहे का, सुई आधी कुणी वापरली आहे का, सगळं पाहिलं. खोट सापडली नाही. खोट सापडली नाही म्हणून संशय आणखी वाढला. सासू म्हणाली, "बिनब्याजी कोन देते वं? काईतरी असनच." आम्हा दोघींचं एकमत झालेलं मला आठवतं ते एवढ्याच गोष्टीवर.

पोळ्याच्या आधी वांग्यांचे बरे पैसे आले. मी म्हटलं, थोडे नेऊन भरा. नवरा गेला आणि पैसे तसेच परत घेऊन आला.

"शेठ म्हने, पोळा हाये, बैलाइले झुला घ्या, घुंगरं घ्या. आपल्याले दिवाळीले देजा. मानूस मोठ्या दिलाचा हाये."

"घेतले नाईत?"

"नाई. चहा पाजला."

पुन्हा चहा. त्या दिवशी मी टीप घालायला बसले आणि शिवण वाकडी गेली. देणाऱ्याने टाळाटाळ करावी हे समजतं. घेणारा टाळाटाळ करतो, तेव्हा त्याला काय हवं असतं?

पोळा झाला, तान्हा पोळा झाला आणि माझा मामा माहेरचा निरोप घेऊन आला. धोंड्याचा महिना लागला होता. आमच्याकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात जावयाला बोलावून अनारसे, कपडे देऊन मान करतात. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा, म्हणून आईने धोतरजोडी आणून ठेवली होती. नवरा खूश झाला. मामा पाणी पिता पिता म्हणाला, "यंदा भादवे दोन. सारेच सण लांबले, बाई. दिवाळी कुठच्या कुठं गेली."

माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं. दिवाळी लांबली. पण दुकानदाराने दिवाळीपर्यंत म्हटलंच नव्हतं. त्याने सहा महिने म्हटलं होतं.

मामा गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, शेठला जाऊन नीट विचारा, मधला धोंड्याचा महिना तो मोजण्यात धरतो की सोडतो. तो गेला आणि आला. "म्या इचारलं, कधी येऊ? त म्हने दिवाळीले या."

"महिना धरते का सोडते, हे इचारलं?"

"आता असं काय इचारू? इतक्या भल्या मानसाले? मले लाज नाई वाटत?"

लाज म्हणजे काय, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. पण मशीन गेली तर बाजार, हे डोळ्यांपुढे होतं. पुढच्या खेपेला मी त्याच्यासोबत बंडीत बसले. वाटभर तेच एक वाक्य मनात म्हणत गेले.

दुकानात गेल्यावर मी पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहून विचारलं, "शेठजी, सहा महिने म्हणजे कोणते? यंदा भादवे दोन हायेत."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बाई, दुकानात धोंडा नसते. आमचे महिने इंग्रजी. दसऱ्याच्या आत पैसे पाहिजेत."

"मंग दिवाळी?" नवरा म्हणाला.

"दिवाळी त्याच्या मागून. तीन हप्ते मागून."

"पन तुमीच म्हनले ना, दिवाळीले या!"

"दरसालचं बोलणं आहे, भाऊ. दरसाल दिवाळी सहा महिन्यांत बराबर येते." आणि तो हसला.

मी ते उत्तर घरापर्यंत उलटंपालटं करत होते. विसरलेला माणूस आधी बोटं मोजतो. त्याने मोजली नव्हती. तीन आठवड्यांचा हिशेब त्याच्या जिभेवर तयार होता. नवरा म्हणाला, धंद्यातल्या माणसाचं गणित पक्कं असतं. असेलही. मला आजही ठरवता येत नाही.

दिवाळीचे पैसे आता दसऱ्याच्या आत उभे करायचे होते, आणि तोवर मिरचीही नीट लाल व्हायची नव्हती. पण त्याच धोंड्याने काम आणलं. जावयासोबत लेकीही माहेरी येत होत्या आणि प्रत्येक आईला लेकीच्या अंगावर नवी चोळी हवी होती. मी दिवसभर चाक फिरवत होते. सासू बाजारात वांग्यांसोबत माझ्याही चोळ्यांचा पुकारा करू लागली. "धोंड्याच्या चोळ्या घरी शिवून भेटतात वं!" गिऱ्हाइकं येऊन तो पुकारा सांगत आणि मी घरात बसूनही पदर पुढे ओढे.

तरी थोडे कमी पडत होते. मी आईला निरोप धाडला, धोतरजोडी दुकानात परत कर आणि नगद दे. नवरा तापला. "माहा पैला धोंडा! लोक इचारतीन, सासऱ्यानं काय देल्लं? त काय मशीनीचं चाक दाखवू?"

सासू चुलीजवळून म्हणाली, "दाखव. धोतर फाटते, चाक नाई फाटत."

तो माझ्या माहेरी जुनं धोतर धुऊन नेसून गेला. आईने अनारशांच्या डब्यात तळाशी पैसे ठेवले होते. परत आल्यावर त्याने डब्यातले पैसे माझ्यापुढे सरकवले. अनारसे मात्र त्याने एकट्याने संपवले.

दसऱ्याच्या आधी आम्ही सगळे पैसे भरले. दुकानदार म्हणाला, "काऊन एवढी घाई?" मी म्हटलं, "पावती द्या." त्याने दिली. मग चहा मागवला आणि म्हणाला, "पायानं चालवायचा स्टँड आला आहे. आजच न्या. सहा महिने एक पैसा ब्याज नाही."

नवऱ्याचे डोळे स्टँडवर गेले, तिथून माझ्यावर आले. मी पावतीची घडी घालून कमरेला खोचली.

"नगदीनं घेऊ, शेठ," तो म्हणाला. "अन् चहा नको."

पुढच्या बाजाराला सासूने एकटीने टोपलं डोक्यावर घेतलं. उंबऱ्यात थांबून तिने मागे पाहिलं. "अशी का बसली? चालव ना. मले वळणापोतर आवाज आला पायजे."

मी चाकावर हात ठेवला आणि ती वळणाआड होईपर्यंत थांबले नाही.