साहेबांच्या भिंतीवरचा तक्ता

संशोधनातून कळलेली गोष्ट नेमकी कुणाच्या डोळ्यांसमोर असायला हवी, सांगाल?

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात माझ्या ताईचं बाळ जन्मलं आणि तिथल्या मदतनीस मावशींनी सवयीने त्याला लगेच आंघोळ घातली. बाळ गारठून निळसर पडलं. 'पहिल्या दिवशी आंघोळ नको' असं सांगणारा तक्ता मला नंतर दिसला, डॉक्टरांच्या खोलीत, काचेच्या चौकटीत.

"हा इथे का?"

"अगं, केंद्राच्या तपासणीला आलेले वरचे साहेब इथेच बसतात," नर्सबाई म्हणाल्या. "बाळंतपणाच्या खोलीत कोण बघायला जातंय?"

बाळ सावरलं, माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. असंख्य बाळांना न्याहाळून कुणीतरी शिकलेलं ते एक वाक्य देशभर फिरलं, पण शेवटची वीस पावलं त्याला कुणी चालू दिली नाहीत. तुमच्या केंद्रात जा, असा तक्ता शोधा, बाळंतपणाच्या खोलीत न्या आणि मावशींच्या शेजारी बसून तो वाचा.