विणून राहिली

आमच्या वस्तीच्या वाचनालयात सहा जुने संगणक आहेत. त्यांवर मुक्त प्रणाली टाकायचं काम माझ्याकडे होतं. मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. यंत्र माणसाच्या ताब्यात हवं, यावर मी तासभर बोलू शकत असे. नव्या आवृत्तीत एक चौकट आली : एआय सहायक हवा का? ऐच्छिक. मी सहाही संगणकांवर 'नको' केलं. त्याचा अभिमानही वाटला.

पुढच्या आठवड्यात शेजारची काकू वाचनालयात आली. आमच्या गल्लीत हातमाग चालवणारी ती एकटीच उरली आहे. विणकराचं ओळखपत्र नवं करायचं होतं. आपण अजून विणतो असा अर्ज दिला नाही, तर यादीतून नाव जाणार होतं. मोतीबिंदूमुळे तिला अक्षरं दिसत नव्हती. बोललेलं लिहून घेणारा संगणक तिने लकडगंजातल्या एका दुकानात पाहिला होता. तो इथे का नाही, हे तिला कळेना. मी कारणं सांगितली. लोकांचे शब्द न विचारता उचलून ही यंत्रं तयार होतात, हेही सांगितलं. सगळं ऐकून तिने विचारलं :

"मंग तू तरी मले काहून नाही विचारलं वं?"

सहायक इंटरनेटशिवाय चालतो एवढं तपासून मी एका संगणकावर तो चालू केला. काकू बोलली, "मी घरी लुगडे विणून राहिली." आमच्याकडे याचा अर्थ, विणते आहे. सहायकाने ते प्रमाण मराठीत आणून वाचून दाखवलं : मी लुगडी विणून घरी राहिले.

"हे त मले रिटायर करून राहिलं," काकू म्हणाली.

असा अर्ज गेला असता तर नाव कापलंच गेलं असतं. म्हणूनच नको म्हणत होते, असं मी सुनावलं. तिचं म्हणणं वेगळं होतं. यंत्राने वाचून दाखवलं म्हणून तिला चूक सापडली. मी लिहून दिलं असतं, तर ते तिला स्वतः तपासता आलं नसतं. मला ते आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही.

आम्ही वाक्य बदललं : मी आजही घरी लुगडी विणते. तिने ते दोनदा ऐकलं आणि छापलेल्या अर्जावर सही केली. आता सहायक बंद करू का, असं मी विचारलं.

"या एकावर राहू दे," ती म्हणाली. "बाकीच्या पाचांचं ज्याचं त्याले विचार."

अर्ज घेऊन ती एकटीच कार्यालयात गेली.